आत्मसंयम : आतली सत्ता



व्याख्यानमालेच्या चालकांनी 'आत्मसंयम : एक ख्रिस्ती सद्गुण' या विषयावर मी बोलावे असे सुचविले, तेव्हा मी त्यांना प्रथम एवढेच विचारले, की आपला पत्ता चुकला नाही ना? ज्याचे सारे आयुष्य संप, मोर्चे आणि गेटसभा यांत गेले, त्याला संयमावर बोलावयास लावणे म्हणजे गिरणीच्या भोंग्याला मौनाचे महत्त्व सांगावयास लावण्यासारखेच आहे. शिवाय मी जन्माने ख्रिस्ती नाही. दहावी अर्धवट टाकून कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. पुढचे जे काही शिक्षण झाले ते रात्री सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा माझ्याकडून धर्मशास्त्राची अपेक्षा आपण करू नये. एका ख्रिस्ती शब्दाने मला माझ्या धंद्यात काय शिकविले, तेवढेच मी सांगणार आहे. आणि त्यासाठी मला माझ्या एका अपराधापासून सुरुवात केली पाहिजे.

१९९६ सालची गोष्ट. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. आमच्या कारखान्यात युनियन नुकतीच उभी राहिली होती. मागणीपत्र दिले होते, बोलणी सुरू होती, आणि आमची बाजू बळकट होती. एके दिवशी पहिली पाळी सुटताना आमच्या फोरमनने फळ्यावर लावलेली युनियनची नोटीस सर्वांदेखत फाडली, आणि मी जाब विचारताच माझ्या वडिलांवरून एक शिवी दिली. मी त्याच्या थोबाडीत मारली. सारे खाते टाळ्या वाजवू लागले. कोणी शिट्ट्या घातल्या. दुसऱ्या पाळीला काही पोरांनी कचेरीच्या काचा फोडल्या. संध्याकाळी गेटवर पोलीस आले, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही अकराजण सस्पेंड झालो.

व्यवस्थापनाला जे हवे होते ते मी त्यांच्या हातात आयते नेऊन दिले होते. पगारवाढीचा विषय मागे पडला आणि थोबाडीत मारल्याचा विषय पुढे आला. चार्जशीट, चौकशी, तारखा यांत अडीच वर्षे गेली. आठजण परत कामावर घेतले गेले, तिघे कायमचे बाहेर राहिले. त्या तिघांतला एक मी. मला युनियनने पूर्णवेळ कार्यकर्ता करून घेतले, म्हणून माझी चूल पेटती राहिली. उरलेल्या दोघांपैकी एक गावी जाऊन दुसऱ्याच्या बांधावर मजुरी करू लागला. दुसऱ्याने भाजीची हातगाडी लावली, आणि त्याच्या मुलीची शाळा नववीत सुटली. त्याने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते.

आमच्या खात्यात एक वयस्कर फिटर होते. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातले, आजोबांच्या पिढीपासूनचे ख्रिस्ती. आम्ही सारे त्यांना दादा म्हणत असू. सस्पेंड झालो त्या रात्री ते माझ्या खोलीवर आले. चहा घेतला, आणि म्हणाले,

"हाताला बरं वाटलं का रे?"

मी खरे तेच सांगितले. "वाटलं, दादा."

"मग आता बाकीच्या दहा घरांचं काय करायचं, ते सांग."

माझ्यापाशी उत्तर नव्हते. दादांनी उपदेश केला नाही. चारआठ दिवसांनी त्यांनी आपल्या पत्र्याच्या पेटीतले पवित्र शास्त्र मला वाचावयास दिले. म्हणाले, "धर्म बदलायला देत नाही. तुझ्यासारख्यासाठी यात एक शब्द आहे, तो सापडतो का बघ."

तो शब्द मला नव्या करारात, पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात सापडला. माणसाच्या अंतःकरणात देवाचा आत्मा काम करू लागला, की त्याला कोणती फळे येतात, याची एक यादी पौल तेथे देतो. यादीत नऊ गुण आहेत. पहिला आहे प्रीती, आणि अगदी शेवटचा, नववा, मराठी शास्त्रात 'इंद्रियदमन' या नावाने येतो.

खरे सांगतो, मला तो शब्द आवडला नाही. 'दमन' हा शब्द आम्हां कामगारांच्या ओळखीचा. लाठी चालते, धरपकड होते, तेव्हा आमच्या पत्रकांत 'दमनचक्र' असे लिहिलेले असते. बाहेर ज्या दमनाविरुद्ध लढावयाचे, तेच आत आपल्याच हाताने आपल्यावर चालवावयाचे, हा कसला सद्गुण? दोनचार वर्षे ही अढी माझ्या मनात होती. पुढे वाचनालयात एका जुन्या ग्रंथात मूळ ग्रीक शब्दाची फोड वाचावयास मिळाली, आणि अढी सुटली. पौलाचा शब्द आहे 'एन्क्रातेइया'. त्यात 'क्रातोस' म्हणजे बळ, सत्ता. ज्याच्या ठायी स्वतःवरची सत्ता आहे, त्याचा हा गुण. आणि गंमत अशी, की लोकशाहीसाठी ग्रीकांचा जो शब्द आहे, 'देमोक्रातिया', त्यातही हाच 'क्रातोस' आहे. लोकांची सत्ता ती लोकशाही, आणि स्वतःवरची सत्ता तो संयम. एकाच मुळाची ही दोन झाडे आहेत. तेव्हापासून मी या गुणाला माझ्यापुरते 'आतली सत्ता' असे नाव दिले आहे. त्या दिवशी माझ्या हातावर सत्ता कोणाची होती? मला वाटत होते माझी. प्रत्यक्षात ती फोरमनची होती. त्याने शिवीची कळ दाबली आणि माझा हात उठला.

हा पौल कोण होता हेही ध्यानात घ्यावयाला हवे. तो तंबू करणारा कारागीर होता. धर्मप्रचार करीत हिंडत असतानाही तो आपल्या हाताच्या कामावर पोट भरीत असे. करिंथ या ग्रीक शहरात तो असाच एका तंबू करणाऱ्या जोडप्याबरोबर राहिला आणि त्यांच्याबरोबर काम केले. त्या शहराजवळ दर दोन वर्षांनी मोठे क्रीडासामने भरत. करिंथकरांना लिहिताना पौल धावणाऱ्यांचे आणि मुष्टियोद्ध्यांचे दाखले देतो. बक्षीस हवे तर खेळाडू खाण्यापिण्यात आणि वागण्यात संयम ठेवतो, तसा आपण ठेवावा, असा त्याचा रोख आहे. म्हणजे पौलाच्या लेखी संयम ही तालीम आहे. पैलवान कुस्तीच्या दिवशी एकाएकी पैलवान होत नाही. तो वर्षभर पहाटे उठून आखाड्यात घाम गाळतो, तेव्हा कुस्तीच्या दिवशी अंग त्याचे ऐकते.

आणि यादीतील क्रमही पाहावा. अगोदर प्रीती, शेवटी संयम. मी असे समजतो, की प्रीती हे त्या घराचे जोते आणि संयम ही दाराची कडी. जोत्याशिवाय नुसती कडी म्हणजे तुरुंग. कडीशिवायचे घर पहिल्या वादळात उघडे पडते.

आता येशूच्या चरित्रातील दोन प्रसंग सांगतो. दोन्ही आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असतील. परंतु कामगाराच्या डोळ्यांनी ते कसे दिसतात, ते मला सांगावयाचे आहे.

पहिला प्रसंग अरण्यातला. चाळीस दिवसांच्या उपवासानंतर येशूला भूक लागली, तेव्हा सैतानाने त्याला मोह घातला, की हे धोंडे आहेत, त्यांच्या भाकरी कर. येशूने नकार दिला. भाकरी ही भुकेलेल्याच्या हक्काची गोष्ट असे मानणाऱ्या माझ्यासारख्याला हा नकार प्रथम खटकला. पण त्याच शुभवर्तमानात पुढे पाने उलटली, की पाच हजारांचा जमाव भेटतो. संध्याकाळ झालेली आहे, लोक भुकेले आहेत, आणि शिष्य म्हणताहेत, यांना जाऊ द्या. तेथे येशू त्यांना संयमाचे व्याख्यान देत नाही. तो त्यांना बसवतो आणि जेवू घालतो. स्वतःच्या भुकेसाठी जे करावयाचे त्याने नाकारले, ते दुसऱ्याच्या भुकेसाठी केले. माझ्या मते ख्रिस्ती संयमाची सारी कसोटी या दोन पानांमध्ये आहे. संयम हा स्वतःला सांगावयाचा असतो. भुकेल्या माणसाला भरल्या पोटी जो संयम सांगतो, त्याच्या बोलण्याला येथे आधार नाही.

दुसरा प्रसंग मंदिरातला. सराफांची चौरंगे आणि कबुतरे विकणाऱ्यांच्या बैठका येशूने उलथून टाकल्या, हे सर्वांना माहीत आहे. आमचे तरुण कार्यकर्ते हा प्रसंग ऐकला की खूश होतात. म्हणतात, बघा, शेवटी त्यानेही हात उचललाच! परंतु मार्काचे शुभवर्तमान नीट वाचावे. त्यात असे आहे, की येशू यरुशलेमेत आला, मंदिरात गेला, सभोवार सर्व पाहिले, आणि संध्याकाळ झाली होती म्हणून बाहेर पडून बेथानी गावी गेला. चौरंगे उलथली ती दुसऱ्या दिवशी. मध्ये एक रात्र गेली. जे पाहिले ते घेऊन तो माणूस झोपावयास गेला, आणि सकाळी उठल्यावरही ते त्याला तितकेच असह्य वाटले. राग यावा, यावयालाच हवा. अन्याय पाहून ज्याला राग येत नाही त्याला मी संयमी म्हणणार नाही, थंड म्हणेन. पण एक रात्र उलटून गेल्यावर जो राग टिकतो, तो कामाचा. माझा राग त्या दिवशी एक क्षणही थांबला नव्हता.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो मी स्वतःच घेतो, कारण तो आमच्याच गोटातला आहे. शिस्त, संयम, वेळेवर येणे, दारू सोडणे, ही सारी मालकाच्या सोयीची शिकवण नव्हे काय? इ. पी. टॉमसन या इंग्रज इतिहासकाराने १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या, इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या घडणीवरील आपल्या ग्रंथात हाच आरोप ख्रिस्ती धर्मातील मेथडिस्ट पंथावर केला आहे. धर्माने माणसाच्या आतच मुकादम नेऊन बसविला आणि कारखानदाराचे काम सोपे झाले, असा त्याचा मथितार्थ. विशेष हे, की या टॉमसनचे वडील स्वतः मेथडिस्ट मिशनरी होते आणि बंगालमध्ये बांकुडा येथे अध्यापन करीत होते. घरच्या माणसाने घरावर केलेला हा आरोप आहे, आणि त्यात तथ्य आहे. चर्चचा बाक आणि गिरणीचा भोंगा यांची युती पुष्कळ ठिकाणी झाली.

परंतु त्याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे. मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली १७३९ साली ब्रिस्टलजवळच्या कोळसाखाणींतील मजुरांना उघड्या माळावर प्रवचने देऊ लागले. १७४२ मध्ये प्रार्थनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी त्यांच्या मंडळीने एक युक्ती काढली. बारा बारा माणसांचे गट पाडले, प्रत्येक गटाला एक पुढारी नेमला, आणि त्याने दर आठवड्याला प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करावी असे ठरले. हळूहळू हा गट आठवड्याला एकत्र बसू लागला आणि प्रत्येकजण आपली आठवड्याची वागणूक सर्वांसमोर सांगू लागला. कोण प्याला, कोणी बायकोवर हात उचलला, कोणी शब्द मोडला. गटाचे पुढारी बहुधा साधे कष्टकरी, त्यांत स्त्रियाही असत. ज्याला आयुष्यात कोणी दोन शब्द बोलावयास सांगितले नव्हते, तो तेथे उभा राहून बोलावयास, हिशेब ठेवावयास, दुसऱ्याचे मध्येच न तोडता ऐकावयास शिकला. बंधुभगिनींनो, आठवड्याची वर्गणी, छोटा गट, हिशेब आणि सभेची शिस्त, याला आम्ही युनियन म्हणतो!

हे मी ओढूनताणून जोडीत नाही. १८३० साली दक्षिण इंग्लंडमधील शेतमजुरांनी भुकेपायी बंड केले. मळणीची यंत्रे फोडली, गंजी पेटविल्या. सरकारने १९ जणांना फाशी दिले आणि जवळजवळ ५०० जणांना सातासमुद्रापार पाठविले. त्यानंतर तीन वर्षांनी, १८३३ मध्ये, डॉर्सेट परगण्यातील टॉलपडल या खेड्यात शेतमजुरांनी निराळा मार्ग धरला. त्यांची आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून सातवर आली होती आणि सहावर यावयाची होती. जॉर्ज लव्हलेस नावाच्या शेतमजुराने त्यांची संघटना बांधली. हा लव्हलेस मेथडिस्ट प्रवचनकार होता. तुटपुंज्या मजुरीतून पुस्तके घेऊन तो स्वतःच शिकला होता. दर आठवड्याला एक पेनी वर्गणी. सभेत अचकटविचकट बोलावयाचे नाही; आणि हिंसेच्या कोणत्याही कृत्याने संघटनेचा हेतू साधत नाही, उलट संघटनाच बुडते, असा स्पष्ट नियम.

या सहाजणांना पकडावयाला सरकारला दंग्याचे कारण सापडले नाही, गंज पेटविल्याचे सापडले नाही. शेवटी गुप्त शपथ घेतल्याचा, नाविकांच्या बंडासाठी केलेला १७९७ सालचा एक कायदा शोधून काढावा लागला. सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा होऊन ते ऑस्ट्रेलियाला गेले. पण यावेळी देश गप्प राहिला नाही. एप्रिल १८३४ मध्ये लंडनमध्ये हजारो कामगारांची शिस्तबद्ध मिरवणूक निघाली, आणि १८३६ मध्ये सरकारला माफी द्यावी लागली. १८३० चे बंडखोर त्यांच्याहून कमी शूर नव्हते, आणि त्यांची भूक खोटी नव्हती. पण त्यांच्या आगीच्या उजेडात सरकारला त्यांचे चेहरे दाखविता आले. टॉलपडलच्या सहाजणांनी सरकारला तसले निमित्तच ठेवले नाही, म्हणून चेहरा दिसला तो सरकारचा.

तेव्हा टॉमसनला माझे उत्तर असे आहे. शिस्त एकच, पण ती कोणाच्या हाती आहे यावर सारे अवलंबून. मालकाने लादलेली शिस्त भोंगा थांबला की थांबते. माणसाने आपल्या सोबत्यांसाठी आपण होऊन घेतलेली शिस्त तुरुंगातही सुटत नाही.

आता आपल्या महाराष्ट्राशी ज्याचा संबंध आहे अशा एका माणसाची गोष्ट सांगून मी आटोपते घेतो. जेम्स लॉसन हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय मेथडिस्ट पाद्री. जन्म १९२८ चा. ते आठदहा वर्षांचे असताना रस्त्यात एका गोऱ्या मुलाने त्यांच्या रंगावरून शिवी दिली आणि जेम्सने त्याला थप्पड लगावली. घरी येऊन आईला हे सांगितले. आई स्वयंपाक करीत होती. पाठ न फिरविता तिने विचारले, की त्याने भले काय झाले? ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. आमच्या दादांनी मला खोलीवर जे विचारले होते, तेच त्या माऊलीने अमेरिकेत साठ वर्षांपूर्वी विचारले होते. फरक एवढाच, की तो आठदहा वर्षांचा होता आणि मी सत्तावीस वर्षांचा.

कोरियाच्या युद्धात सैन्यभरतीला नकार दिल्याबद्दल लॉसन तुरुंगात गेले. सुटल्यावर १९५३ साली ते मिशनरी म्हणून नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले. तेथे ते विद्यार्थ्यांना खेळ शिकवीत, आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करीत. डिसेंबर १९५५ मध्ये नागपूरच्याच एका इंग्रजी वर्तमानपत्रात त्यांनी मॉन्टगोमेरी शहरातील कृष्णवर्णीयांच्या बसबहिष्काराची बातमी वाचली. १९५६ मध्ये ते मायदेशी परतले आणि पुढे मार्टिन लूथर किंग यांचे सहकारी झाले.

नॅशव्हिल शहरात त्यांनी काय केले ते आम्हां चळवळीतल्या लोकांनी पाठ करून ठेवावे असे आहे. त्या शहरातील दुकानांच्या उपाहारगृहांत कृष्णवर्णीयांना बसू देत नसत. लॉसन यांनी लगेच मोर्चा काढला नाही. चर्चच्या तळघरात विद्यार्थ्यांचे वर्ग घेतले, महिनोन् महिने. एकाने उपाहारगृहात बसल्यासारखे बसावयाचे, दुसऱ्याने त्याला शिव्या द्यावयाच्या, ढकलावयाचे, केस ओढावयाचे. पडताना डोके कसे वाचवावयाचे, सोबत्याला मार बसत असेल तर मध्ये कसे पडावयाचे, याची रंगीत तालीम. पौलाचा आखाडा तो हाच. १३ फेब्रुवारी १९६० रोजी विद्यार्थी प्रत्यक्ष जाऊन बसले. २७ फेब्रुवारीला त्यांच्यावर हल्ला झाला. जळत्या सिगारेटी अंगावर विझविण्यात आल्या, आणि पकडले गेले ते मार खाणारे, सुमारे ऐंशी. पोलिसांनी एक रांग उठवून नेली, की दुसरी रांग येऊन शांतपणे बसे. १० मे रोजी त्या शहरातील सहा उपाहारगृहांची दारे उघडली. लॉसन यांच्याविषयी एक प्रसंग सांगतात, की एका गोऱ्या तरुणाने त्यांच्या तोंडावर थुंकल्यावर त्यांनी त्याच्याकडेच रुमाल मागितला. गोंधळून त्याने तो दिला. तोंड पुसून लॉसन यांनी विचारले, तुमच्याकडे मोटारसायकल आहे का? आणि दोघांचे मोटारसायकलवर बोलणे सुरू झाले! कळ दाबली गेली, पण हात उठला नाही. आतली सत्ता ती हीच.

परंतु शिकविलेल्यांची गोष्ट निराळी आणि जमावाची निराळी, हेही लॉसन यांना पाहावे लागले. मेम्फिस शहरात १ फेब्रुवारी १९६८ रोजी दोन सफाई कामगार पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत शिरले, आणि गाडीचे यंत्र चालू होऊन त्यात चिरडून मेले. १२ फेब्रुवारीला तेराशे सफाई कामगार संपावर गेले. लॉसन त्या शहरात पाद्री होते. संपाला पाठिंबा देणाऱ्या समितीचे नेतृत्व त्यांच्याकडे आले आणि त्यांनी किंग यांना बोलावून घेतले. २८ मार्चच्या मोर्चात मागच्या बाजूला काही पोरांनी दुकानांच्या काचा फोडल्या. लॉसन यांनी कर्ण्यावरून लोकांना परत फिरावयास सांगितले. पोलीस तुटून पडले आणि सोळा वर्षांचा एक मुलगा गोळीने ठार झाला. काचा कोणी फोडल्या, आणि जीव कोणाचा गेला? मला हे वाचताना आमच्या कचेरीच्या काचा आठवल्या.

आता पुढचे पाहा. दुसऱ्याच दिवशी तेच सफाई कामगार पुन्हा निघाले. एकेकाच्या मागे एकेक, छातीवर फलक, त्यावर एवढेच, की मी माणूस आहे. एका बाजूला संगिनी रोखलेले सैनिक, रस्त्यात चिलखती गाड्या. कोणाचा हात उठला नाही. ४ एप्रिलला त्याच शहरात किंग यांचा खून झाला. अमेरिकेतील शंभराहून अधिक शहरांत आगी लागल्या. आणि ८ एप्रिलला मेम्फिसच्या रस्त्यावरून हजारो लोकांचा मूक मोर्चा निघाला. किंग यांच्या पत्नी कोरेटा पुढे होत्या. नवऱ्याचे दफन अजून व्हावयाचे होते. एक घोषणा नाही, एक दगड नाही. १६ एप्रिलला महापालिकेने युनियन मान्य केली, पगार वाढविला. किंग यांचा बळी ही त्या विजयाची भयंकर किंमत होती, आणि संयमाने विजय स्वस्तात मिळतो असे मी आपणांस सांगणार नाही. पण २८ मार्चचे मेम्फिस आणि ८ एप्रिलचे मेम्फिस यांत शहर तेच होते, रागाचे कारण तर कितीतरी पटींनी वाढले होते. कमी नव्हती ती फक्त आतली सत्ता.

लॉसन पुढे लॉस एंजलिस येथे पाद्री झाले आणि हॉटेलांतील व झाडलोटीच्या कामगारांच्या युनियनांना हेच शिक्षण देत राहिले. २०२४ साली, ९५ व्या वर्षी ते वारले.

हे सारे गेटवरच्या माणसांसाठी झाले, आम्हां गावकऱ्यांना त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण आज शिवीची कळ प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाइलवर एखाद्या जातीविरुद्ध, एखाद्या धर्माविरुद्ध मजकूर येतो, अंगाचा तिळपापड होतो, आणि वाचून होण्यापूर्वी बोट तो चौघांना पुढे पाठविते. त्या बोटावर सत्ता कोणाची? आपली, की ज्याने तो मजकूर रचला त्याची? मार्काच्या शुभवर्तमानातली ती एक रात्र आपण त्या मजकुराला द्यावी. सकाळी उठून तो खरा वाटला आणि पाठविण्यासारखा वाटला, तर पाठवावा. माझा अनुभव असा आहे, की दहांतले नऊ मजकूर रात्र काढीत नाहीत.

आमच्या युनियनमध्ये गेली वीस वर्षे दोन नियम आहेत. गेटवर काहीही घडले तरी संपाचा निर्णय त्या रात्री घ्यावयाचा नाही. आणि नव्या कार्यकर्त्याला गेटवर उभे करण्यापूर्वी आपल्यातल्याच एकाने फोरमन होऊन त्याला तासभर शिव्या द्यावयाच्या. पोरे प्रथम हसतात. पंधरा मिनिटांनी एखाद्याचा हात उठतो, आणि मग खरे शिक्षण सुरू होते. उठलेला हात खाली आल्यावर मी त्याला तोच प्रश्न विचारतो, जो दादांनी मला विचारला होता.

दादा आता हयात नाहीत. मी ख्रिस्ती झालो नाही आणि त्यांनीही कधी तशी अपेक्षा केली नाही. पण त्यांचे पवित्र शास्त्र माझ्याकडेच राहिले. भाजीची गाडी लावणाऱ्या माझ्या सोबत्याकडे मी अजून जातो. त्याच्या मुलीने पुढे बाहेरून दहावीची परीक्षा दिली आणि ती पास झाली. तिला फॉर्म भरावयास मी मदत केली होती. परवा तिने मला पेढा दिला, तिच्या मुलाच्या शाळाप्रवेशाचा. माझा उजवा हात पेढा घ्यावयाला पुढे झाला, तेव्हा हाच तो हात, हे आम्हां तिघांनाही ठाऊक होते. कोणी काही बोलले नाही.